क्लब विकायला निघाला, खेळाडू चालला: खान्देशातल्या फुटबॉलवेड्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळला दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर माझं टेबल आहे. दिवसा साठेखतं, खरेदीखतं, हक्कसोडपत्रं लिहितो आणि रात्री एव्हर्टन हा इंग्लंडातला माझा फुटबॉल क्लब बघतो. डोक्याला ताप दोन्हीकडे सारखाच. गेली चार-पाच वर्षं जळगाव, चोपडा, धुळे, शहाद्याची पोरं मला फिरवून फिरवून एकच विचारतात: क्लब विकतोय म्हणतात, चांगला खेळाडू चाललाय म्हणतात, आते काय करानं भो? जानेवारीत ट्रान्सफरची खिडकी, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची ठरावीक मुदत, उघडते आणि आपल्याकडे भरिताचा हंगाम भरात असतो. त्यामुळे शेतातल्या प्रत्येक भरीत पार्टीत वांगी भाजेपर्यंत हाच वाद चालतो. तीच तीच उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून एकदा लिहून टाकली. उदाहरणं बहुतेक इंग्लंडची आहेत, कारण प्रश्नही तिथलेच येतात.

१. क्लब विकला म्हणजे नेमकं काय विकलं? मैदान, खेळाडू की नाव?

शेअर विकले. इंग्लंडातले बहुतेक क्लब म्हणजे मर्यादित कंपन्या. खेळाडूचा करार कंपनीशी असतो, मालकाशी नसतो. मालक बदलला म्हणून कोणाचा करार तुटत नाही आणि कोणाचा पगारही आपोआप वाढत नाही.

मैदानाचं मात्र नीट बघावं लागतं. क्लब एकाकडे आणि मैदान दुसऱ्या कंपनीकडे, असं पुष्कळदा असतं. शेत एकाचं, विहीर दुसऱ्याची. कॉव्हेंट्री सिटीचं मैदानमालकाशी जमलं नाही, तेव्हा २०१३-१४ मध्ये त्यांना घरचे सामने नॉर्थॅम्प्टनला जाऊन खेळावे लागले. पुढे २०१९ ते २०२१ पुन्हा तसंच झालं, त्या वेळी बर्मिंगहॅमला. म्हणून क्लब विकतोय अशी बातमी आली की मी आधी विचारतो, मैदान सौद्यात आहे का?

२. ‘करार झाला’ अशी बातमी येऊन महिने झाले. मग क्लब अजून जुन्याच मालकाकडे कसा?

कारण बातमीतला ‘करार’ बहुतेक वेळा साठेखत असतो, खरेदीखत नव्हे. आधी बोलणी होतात. मग एका गिऱ्हाइकाला ठरावीक मुदतीसाठी एकट्याने बोलायचा हक्क मिळतो, तो इसार समजा. मग शेअर-खरेदीचा करार होतो, ते साठेखत. त्यानंतर मंजुरी आणि पैसे चुकते झाले की खरेदीखत. आपल्याकडे फेरफार नोंदीला हरकतींसाठी पंधरा दिवस ठेवतात. तिकडे हरकती काढायला कधी कधी अख्खं वर्ष जातं.

माझ्याच क्लबचं सांगतो. फरहाद मोशिरी यांनी एव्हर्टनमधला आपला ९४.१ टक्के हिस्सा विकायचा करार सप्टेंबर २०२३ मध्ये ‘७७७ पार्टनर्स’शी केला. त्या कंपनीने मधल्या काळात क्लबला कर्जही दिलं, पण मंजुरीच्या अटी काही पुऱ्या झाल्या नाहीत. मे २०२४ अखेर मुदत संपली आणि सौदा मोडला. जूनमध्ये फ्रीडकिन ग्रुप आला, त्याने हिशेब तपासले आणि जुलैत काढता पाय घेतला. सप्टेंबरात तोच परत आला आणि १९ डिसेंबर २०२४ ला एकदाचा ताबा घेतला. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. केळीचा व्यापारी बाग बघून जातो, इसार देतो, आणि भाव पडला की त्याचा फोन लागत नाही.

३. मंजुरी कोण देतं? पैसेवाला आहे एवढं पुरत नाही का?

नाही पुरत. प्रीमियर लीगची, म्हणजे इंग्लंडातल्या सगळ्यात वरच्या लीगची, मालक आणि संचालकांसाठीची चाचणी असते. २५ टक्के किंवा त्याहून जास्त हिस्सा असलेल्याला नियंत्रण असलेला मालक धरतात. पूर्वी ही मर्यादा ३० टक्के होती, २०२३ मध्ये खाली आणली. पैसा आला कुठून, पूर्वी दिवाळं निघालंय का, कोणते गुन्हे, असं सगळं तपासतात. मानवी हक्कांच्या गंभीर उल्लंघनाचा मुद्दाही त्याच वर्षी आत आला.

२०२५ च्या फुटबॉल गव्हर्नन्स कायद्याने यावर स्वतंत्र नियामक बसवला. पुरुष फुटबॉलमध्ये लीगचे एकाखाली एक थर असतात, तळाचे संघ खालच्या थरात उतरतात; त्यातले वरचे पाच थर त्याच्या कक्षेत येतात.

४. साधारण किती दिवस धरून चालायचं?

ठोक आकडा सांगणारा माणूस थापा मारतोय असं समजा. न्यूकॅसलचा ३०.५ कोटी पौंडांचा सौदा एप्रिल २०२० मध्ये पुढे आला. सौदी गुंतवणूक निधीने जुलैत माघार घेतली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला क्लब त्यांच्याच ताब्यात आला. म्हणजे दीड वर्ष. सौदी सरकार क्लब चालवणार नाही, अशी कायदेशीर हमी मिळाल्यावर गाडी पुढे सरकली. मँचेस्टर युनायटेडच्या मालकांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रीचा विचार जाहीर केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये जिम रॅटक्लिफ यांना मिळाला फक्त २७.७ टक्के हिस्सा. उलट चेल्सीचा २५० कोटी पौंडांचा सौदा २०२२ मध्ये तीन महिन्यांच्या आत उरकला, कारण तिथे मागे सरकारी मुदतीची टांगती तलवार होती (प्रश्न ७ पाहा).

५. संघ तळाला असताना नेमका सगळ्यात चांगलाच पोरगा का विकतात?

कारण बाजारात किंमत त्यालाच येते. भंगार खेळाडूला पगारासकट कोण घेणार?

पण खरी गंमत वहीत आहे. ५ कोटीला आणलेल्या खेळाडूचा करार पाच वर्षांचा असेल, तर वहीत दरवर्षी १ कोटी खर्च पडतो. तीन वर्षांनी त्याची वहीतली किंमत २ कोटी उरते. तेव्हा तो ३ कोटीला गेला तर चाहता ओरडतो, ‘२ कोटीचा तोटा!’ आणि क्लबचा हिशेबनीस त्याच दिवशी १ कोटीचा नफा लिहितो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, हा सगळा वैताग.

क्लबच्या अकादमीत वाढलेलं पोर तर घरच्या गाईचं वासरू. खरेदीची किंमतच नाही, म्हणून विक्रीची पूर्ण रक्कम नफा. जानेवारी २०२३ मध्ये अँथनी गॉर्डनला एव्हर्टनने न्यूकॅसलला सुमारे ४ कोटी पौंडांना विकलं, तेव्हा संघ खाली जाण्याच्या काठावर होता. आम्ही शिव्या घातल्या. शेवटच्या दिवशी बोर्नमथवर १-० ने जिंकून क्लब वाचला, तरी शिव्या काही मागे घेतल्या नाहीत. घरचीच पोरं आधी विकायला लावणारा तोट्याच्या मर्यादेचा नियम (प्रश्न ६ पाहा) ज्याने केला, त्याला फुटबॉल कळत होतं की फक्त वही, हे मला आजवर समजलेलं नाही.

६. दरवर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात विक्रीची एवढी घाई का?

बऱ्याच क्लबांचं हिशेबाचं वर्ष ३० जूनला संपतं, आपलं ३१ मार्चला संपतं तसं. प्रीमियर लीगच्या नियमात तीन वर्षांत मिळून १०.५ कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा चालत नव्हता, दुसऱ्या थरात ही मर्यादा ३.९ कोटीची. २०२६-२७ पासून संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत बसवायचा असा नवा हिशेब प्रीमियर लीगने ठरवला.

तारीख किती महत्त्वाची, ते नॉटिंगहॅम फॉरेस्टला विचारा. ब्रेनन जॉन्सनला त्यांनी जूनमध्ये विकलं नाही, थांबले आणि १ सप्टेंबर २०२३ ला टॉटनहॅमकडून ४.७५ कोटी पौंड घेतले. सौदा चांगला झाला, पण पैसे पुढच्या वर्षाच्या वहीत गेले. ‘थांबलो म्हणून जास्त किंमत मिळाली’ हे म्हणणं चौकशीसाठी नेमलेल्या स्वतंत्र समितीने ऐकून घेतलं आणि मार्च २०२४ मध्ये चार गुण कापले. भाव येईपर्यंत कापूस घरात साठवणाऱ्याला हा न्याय फार कडू वाटेल.

७. नवा मालक येणारच आहे, तर खेळाडू विकायला त्याच्यासाठी थांबत का नाहीत?

हाच प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि माझ्या मते खरी भीती इथेच आहे. सौदा ठरला पण झाला नाही, या मधल्या काळात क्लब बेवारस असतो. विकणारा म्हणतो, मी आता कशाला पैसे घालू? घेणारा म्हणतो, ताबा मिळाला नाही, मी कसा घालू? आमच्या टेबलावर असले सौदे रोज येतात. साठेखत झालंय, खरेदी लटकलीय, आणि त्या वर्षी फुटलेली ठिबकची नळीसुद्धा कोणी बदलत नाही. पीक काही तुमच्या कागदासाठी थांबत नाही.

क्लबातही तेच होतं. करार वाढवायला सही करणारा नसतो, प्रशिक्षकाला बजेट सांगणारा नसतो आणि एजंट मात्र रोज फोन करत असतो. पगार मात्र दर महिन्याला द्यावाच लागतो. मग हातात असलेली विकण्याजोगी एकच वस्तू विकली जाते.

याचं टोकाचं रूप चेल्सीत दिसलं. १० मार्च २०२२ ला मालक रोमन अब्रामोविच यांच्यावर ब्रिटिश सरकारने निर्बंध घातले आणि क्लब खास परवान्यावर चालू लागला. नवे करार करायची, नवी तिकिटं विकायचीही मुभा नव्हती. ३० मेला विक्री पूर्ण झाली. पण रूडिगर आणि क्रिस्टेन्सन या बचावपटूंचे करार संपत आले होते. दोघांचीही बोलणी आधीच अडली होती, त्यात कागदावर सही करायचा दरवाजाच बंद झाला. एक रेआल माद्रिदला गेला, दुसरा बार्सिलोनाला, आणि चेल्सीच्या हाती एक पौंडही लागला नाही.

म्हणून ‘मालक बदलेपर्यंत कोणालाच विकू नका’ ही मागणी कानाला गोड असली तरी पोकळ आहे. विकू नका म्हणायचं तर त्या महिन्याचा पगार कोण देणार, हेही त्याच वाक्यात सांगायला हवं.

८. नवा मालक अब्जाधीश आहे. आता तरी विक्री थांबेल ना?

थांबेलच असं नाही. मालकाच्या खिशावर नियम बसत नाही, क्लबच्या उत्पन्नावर बसतो. न्यूकॅसलच्या मागे सौदी निधी उभा असूनही जून २०२४ च्या अखेरीस त्यांना एलियट अँडरसन आणि यांकुबा मिंटेह हे दोन तरुण घाईघाईने विकावे लागले. कारण प्रश्न ६ मधलंच.

९. बंड करून जाणाऱ्या खेळाडूला गद्दार म्हणायचं की नाही?

यावर आमच्यात दोन तट आहेत आणि जेवणाच्या ताटावरून उठून गेल्याची उदाहरणं आहेत.

न्यूकॅसलच्या अलेक्झांडर इसाकचं घ्या. १६ मार्च २०२५ ला लीग कपच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलविरुद्ध त्याने गोल केला आणि न्यूकॅसलला १९५५ नंतर पहिल्यांदा देशातला मोठा चषक मिळाला. सत्तर वर्षांनी! त्याच उन्हाळ्यात त्याने क्लबकडून खेळायला नकार दिला, क्लबने दिलेला शब्द मोडला असं जाहीर लिहिलं, आणि १ सप्टेंबरला १२.५ कोटी पौंडांच्या ब्रिटिश विक्रमी किमतीला त्याच लिव्हरपूलला गेला.

माझं मत असं: करार असताना सरावाला न जाणं वाईटच. पण क्लब खेळाडूला विकतो तेव्हा आपण त्याला ‘व्यवहार’ म्हणतो आणि खेळाडू स्वतः निघाला की ‘गद्दारी’, हे दोन काटे मला पटत नाहीत. कारकीर्द असते दहा-बारा वर्षांची. पगार थकवणाऱ्या क्लबातून कोणी निघाला, तर मी त्याला एक अक्षर बोलणार नाही.

१०. पगार थकला तर खेळाडू करार मोडून जाऊ शकतो का?

फिफाच्या नियमानुसार दोन महिन्यांचे पगार थकले, खेळाडूने लेखी कळवून १५ दिवसांची मुदत दिली आणि तरी पैसे आले नाहीत, तर तो योग्य कारणाने करार संपवू शकतो. प्रत्यक्षात एवढं ताणायच्या आधीच समजुतीने सोडचिठ्ठी होते. शेफील्ड वेन्सडेने २०२५ मध्ये एकाहून जास्त वेळा पगार उशिरा केले, आणि जुलैत जॉश विंडास व मायकल स्मिथ परस्परसंमतीने मोकळे झाले. क्लबला विक्रीची रक्कम मिळाली नाही. त्याच ऑक्टोबरात क्लब दिवाळखोरीत प्रशासकाच्या हाती गेला (प्रश्न १३).

११. ‘फुकट गेला’ म्हणजे?

करार संपला. १९९५ च्या बॉसमन निकालापासून करार संपलेल्या खेळाडूसाठी जुना क्लब सहसा पैसे मागू शकत नाही. शेवटच्या सहा महिन्यांत तो परदेशी क्लबाशी आधीच बोलणी पक्की करू शकतो. म्हणून कराराचं एकच वर्ष उरलं की विकायची धांदल उडते.

१२. घेणाऱ्याने कर्ज काढून क्लब घेतला तर ते कर्ज कोणाच्या डोक्यावर?

बहुतेक वेळा क्लबच्या, आणि इथेच लोक फसतात. ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेड सुमारे ७९ कोटी पौंडांना घेतला. त्यातला मोठा भाग कर्जाचा होता आणि त्याचा भार क्लबवर पडला. तोवर क्लबवर कर्ज नव्हतं. आपल्या भाषेत, जमीन घ्यायला काढलेल्या कर्जाचा बोजा त्याच जमिनीच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात चढवला आणि हप्ते पिकातून भरले. चिडलेल्या काही चाहत्यांनी त्याच वर्षी स्वतःचा वेगळा क्लब काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर.

नव्या मालकाचं नाव ऐकून हुरळण्याआधी पैसा भांडवल म्हणून येतोय की कर्ज म्हणून, एवढं तरी बघा.

१३. गुण कधी कापतात? आणि सौदा होईपर्यंत कापलेले गुण नव्या मालकाला माफ होतात का?

माफी नाही. शिक्षा क्लबला असते. क्लब प्रशासकाच्या हाती गेला तर प्रीमियर लीगमध्ये ९ आणि खालच्या तीन थरांत १२ गुण जातात. शेफील्ड वेन्सडेचे ऑक्टोबर २०२५ मध्ये १२ गेले. तोट्याची मर्यादा ओलांडली तर समिती आकडा ठरवते. एव्हर्टनचा मोजलेला तोटा १२.४५ कोटी निघाला, मर्यादेच्या १.९५ कोटी वर. नोव्हेंबर २०२३ मध्ये १० गुण गेले, अपिलात ते ६ झाले, आणि एप्रिलमध्ये पुढच्या काळाच्या हिशेबासाठी आणखी २. त्या हंगामात मी गुणतक्ता पेन्सिलनेच लिहायचो.

१४. सौदा फिसकटला तर क्लब खरंच बंद पडतो?

पडतो. बरी एफसी, १८८५ चा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला. डिसेंबर २०१८ मध्ये तो १ पौंडाला विकला गेला. पुढच्या ऑगस्टमध्ये शेवटचं गिऱ्हाईक मागे फिरलं आणि २७ ऑगस्ट २०१९ ला लीगने क्लबला बाहेर काढलं. बंद साखर कारखान्याच्या फाटकासमोर उभे राहिलेले सभासद आपण बघितलेत, तसेच लोक त्या दिवशी मैदानाच्या दारात उभे होते.

उलटही घडतं. पोर्ट्समथने २००८ मध्ये एफए कप जिंकला, २०१० मध्ये प्रशासक बसला आणि २०१३ पर्यंत संघ चौथ्या थरात पोचला. तेव्हा चाहत्यांच्या ट्रस्टने पुढे होऊन क्लब विकत घेतला, हिशेब जुळवला आणि २०१७ मध्ये मतदान घेऊन मायकल आइस्नर यांना विकला. २०२४ मध्ये क्लब दुसऱ्या थरात परतला. सोळा वर्षं लागली, हे विसरू नका.

१५. ब्लॅकबर्नचे मालक आपले पुण्याचे ना? मग त्यांचे चाहते एवढे का चिडतात?

हो, पुण्याचा, कोंबड्यांच्या धंद्यातला व्यंकीज समूह. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांनी ब्लॅकबर्न रोव्हर्स सुमारे २.३ कोटी पौंडांना घेतला. हा साधासुधा क्लब नाही. १८८८ मध्ये लीग सुरू करणाऱ्यांपैकी एक आणि १९९४-९५ चा प्रीमियर लीग विजेता. महिन्याभरात प्रशिक्षक सॅम अ‍ॅलर्डाइस यांना काढलं, २०११ मध्ये तरुण फिल जोन्स मँचेस्टर युनायटेडला गेला, आणि ७ मे २०१२ ला विगनकडून हरून क्लब खाली उतरला. त्या सामन्यात कोणीतरी मैदानात जिवंत कोंबडी सोडली होती. २०१७ मध्ये तर संघ तिसऱ्या थरात गेला. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबवर ही पाळी पहिल्यांदाच आली. पुढच्याच वर्षी ते वर आले.

दुसरी बाजूही सांगायला हवी. तोटा भरून काढायला मालकांनी वर्षानुवर्षं पैसा ओतला. ‘मराठी मालक’ म्हणून आपण अभिमान धरावा की लाज, असं नंदुरबारचा एक मित्र दरवेळी विचारतो. मी म्हणतो, दोन्ही नको, आधी संघाचं मधलं मैदान बघ.

१६. मालक क्लबचं नाव, रंग, गाव बदलू शकतो का?

प्रयत्न झालेत. कार्डिफच्या मालकाने २०१२ मध्ये निळा रंग काढून लाल आणला, लोकांनी मान्य केलं नाही, जानेवारी २०१५ मध्ये निळा परतला. हल सिटीला ‘हल टायगर्स’ करायचं एफएने, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने, नाकारलं. विम्बल्डन मात्र २००३ मध्ये खरोखर मिल्टन कीन्सला नेला, पण त्याआधीच, २००२ मध्ये, चाहत्यांनी एएफसी विम्बल्डन उभा केला होता. २०२५ च्या कायद्यानंतर बोधचिन्ह आणि घरच्या जर्सीचे रंग बदलण्याआधी चाहत्यांचा पाठिंबा दाखवावा लागतो.

१७. आपल्याकडे असं कधी झालंय?

झालंय की! एफसी पुणे सिटी २०१४ पासून आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) होता, बालेवाडीला खेळायचा. २०१९ मध्ये गुंडाळला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. हैदराबादने २०२१-२२ चा आयएसएल चषक जिंकला, पुढे पैशाचा खडखडाट झाला, खेळाडू पांगले, मालक बदलले, आणि २०२५ मध्ये संघ दिल्लीला गेला. पुणे, हैदराबाद, दिल्ली. रेल्वेत बदल्या होतात तशा. भुसावळकरांना ओळखीचं वाटेल, पण रेल्वेवाला निदान बदलीच्या गावी त्याच नावाने हजर होतो.

१८. जाणार-जाणार म्हणतात त्या खेळाडूच्या नावाची जर्सी आत्ता घेऊ का?

नावाशिवाय घ्या. माझ्याकडे रिचार्लिसनची आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात तो टॉटनहॅमला गेला आणि ती कपाटात गेली. आता धाकटा ती घालून रंगपंचमी खेळतो. पाठीवरचं नाव तीन धुण्यांनंतरही वाचता येतंय.